मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर : दादांना जाहीर आभारपत्र

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

नाव छापायचे नाही असे तुम्ही बजावले आहे, म्हणून नुसते दादा. आमच्या वाचनालयाच्या पुस्तकसूचीचे छोटे संकेतस्थळ मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर सुखरूप आले ते तुमच्यामुळे. आभार चारचौघांत मानतो आहोत, कारण तुम्ही दाखवलेल्या खाचाखोचा मराठी मजकूर सांभाळणाऱ्या कुणालाही लागतील.

डेटा हलवण्याआधी तो तपासायला लावलात, त्याबद्दल पहिले आभार. साइटवर मराठी स्वच्छ दिसते म्हणजे आतही स्वच्छ आहे असे नाही. टेबल यूटीएफ-८ चे (मराठी अक्षरेही बाइटमध्ये साठवणारी पद्धत) आणि पीएचपीचे, म्हणजे साइटच्या प्रोग्रामचे, कनेक्शन लॅटिन-१ चे (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) असले, की प्रत्येक अक्षर दोनदा एन्कोड होऊन साठते. वाचताना तोच घोळ उलटा होतो, त्यामुळे पडद्यावर काहीच कळत नाही. तुमची कसोटी सोपी होती: साठवलेले बाइट दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने एक शीर्षक उघडायचे. ‘म’ तीन बाइटचा असायला हवा. सहा दिसले तर दुहेरी एन्कोडिंग. लॅटिन-१ मध्ये डंप, म्हणजे डेटाची फाइल, घेऊन ती यूटीएफ-८ म्हणून वाचणे हा नेहमीचा उपाय, पण मधेच कुणी कनेक्शन दुरुस्त केले असेल तर त्याच टेबलात निम्म्या ओळी बिघडलेल्या आणि निम्म्या चांगल्या असतात. चांगल्या ओळींची त्या डंपमध्ये प्रश्नचिन्हे होतात आणि मजकूर कायमचा जातो. म्हणून तुम्ही फक्त बिघडलेल्या ओळी निवडायला लावल्यात: लॅटिन-१ मध्ये बदला, बायनरी (नुसते बाइट) करा, मग तेच बाइट यूटीएफ-८ समजा.

पुढचे काम, म्हणजे डेटा पोस्टग्रेसमध्ये भरणे, पीजीलोडरने केले. हे साधन गुणाचे आहे, पण त्याचे काही समज ठरलेले असतात. टायनीइंट(१) चा, म्हणजे लहान आकड्याचा, रकाना ते बूलियन (फक्त ट्रू किंवा फॉल्स) करते. चालू-बंद अशा खुणांना हे ठीक, मात्र ‘प्रती’ हा रकाना कुणी टायनीइंट(१) ठेवला असेल तर तीन प्रती असोत की सात, पोस्टग्रेसमध्ये नुसते ‘ट्रू’ येते. ओळींची संख्या तंतोतंत जुळते आणि माहिती गेलेली असते! कास्टचा (प्रकार बदलण्याचा) नियम लिहून तो रकाना स्मॉलइंट (छोटी पूर्ण संख्या) करायचा, आणि पडताळणीत ओळी मोजण्यासोबत आकड्यांच्या बेरजाही जुळवायच्या, ही शिस्त तुमची. सगळी शून्ये असलेल्या तारखा नल (रिकाम्या) होतात; रकाना ‘नॉट नल’ (रिकामा न चालणारा) असेल तर त्या ओळी नाकारल्या जातात आणि रिजेक्टच्या फाइलीत पडून राहतात. ती फाइल उघडून बघावीच लागते.

आता सूचीच्या वर्णक्रमातला ‘ळ’. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ च्या लगेच नंतर येतो. मराठी कोशात मात्र ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीची कोलेशने, म्हणजे वर्णक्रमाचे नियम, आहेत, त्यांत मराठीचेही आहे. लेखक आणि शीर्षक या दोन रकान्यांना ते लावले की सूची कोशाप्रमाणे लागते. एवढ्यासाठी तरी हे स्थलांतर करावे, असे आमचे मत.

शोधाचे दुखणे वेगळे. ‘दऱ्या’ हा शब्द कुणी ‘ऱ’ वापरून टंकतो, कुणी ‘र’, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, पण पोस्टग्रेसची साधी तुलना बाइटवर चालते, म्हणून एक सापडतो आणि दुसरा नाही. तुमच्या सांगण्यावरून शोधासाठी वेगळा जनरेटेड (डेटाबेस आपोआप भरतो तो) रकाना केला: आधी जोडकवाला ‘र’ बदलून ‘ऱ’ करायचा, मग उरलेले जोडक काढायचे, शेवटी नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणे). क्रम उलटा झाला तर ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो. वाचकाने टंकलेला शब्दही याच चाळणीतून जायला हवा, हे विसरले तर सगळी मेहनत पाण्यात.

क्वेरींतले बदल किरकोळ: बॅकटिक काढा, इफनलच्या जागी कोअलेस, मर्यादेचे दोन आकडे लिमिट-ऑफसेटमध्ये, इंग्रजी शीर्षकांसाठी लाइकऐवजी आयलाइक (लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करणारा). एखादे टेबल सीएसव्हीतून हाताने भरले असेल तर सिक्वेन्स (पुढचा नोंदक्रमांक देणारा मोजक) एकवरच राहतो आणि पहिल्याच नव्या नोंदीला ‘डुप्लिकेट की’ येते. सेटव्हॅलने तो सर्वांत मोठ्या क्रमांकावर नेऊन ठेवायचा.

प्रत्यक्ष बदलाच्या रात्री साइट केवळ वाचनासाठी ठेवणे, शेवटचा लोड, मोजणी, अ‍ॅनालाइझ (पोस्टग्रेसला टेबलांची नवी आकडेवारी घ्यायला लावणे), मग साइटचे कॉन्फिग बदलणे, हा क्रम तुम्ही कागदावर लिहून दिलात. जुना डेटाबेस लगेच पुसू न देता फक्त वाचनाच्या परवानगीवर ठेवायला लावलात, आणि पीजीडंपने काढलेली पोस्टग्रेसची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू दिले नाहीत. या हट्टाचेही आभार.

आपले,
वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम पाहणारे

ता. क. सर्व्हरची प्रणाली अद्ययावत झाली की आयसीयूची आवृत्ती बदलू शकते आणि जुने इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) नव्या क्रमाशी जुळत नाहीत. कोलेशनच्या आवृत्तीची सूचना दिसली तर आधी रीइंडेक्स, मग आवृत्ती रिफ्रेश. ही तुमची चिठ्ठी देखभालीच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवली आहे.