रविवारी मुलांची घरकाम शिकवणी, १० वाजता, गच्चीवर

मंडळी नमस्कार, परत एकदा आठवण करतोय कारण नावं फक्त सातच आलीयेत. आपल्या बिल्डिंगमधली बरीच मुलं आता हॉस्टेलला चाललीयेत आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना कुकर लावता येत नाही, माझा मुलगा धरून. त्यामुळे दोन तासात जमेल तेवढंच शिकवायचंय, पुरणपोळी वगैरे नाही.

आधी कुकर. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, झाकणाची रिंग नीट बसलीये ना बघायचं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाशी कुस्ती खेळायची नाही (आमच्या किचनच्या छतावर अजून वरणाचा डाग आहे). मग गॅसचा वास आला तर काय, हे मात्र प्रत्येकाकडून करून घेणार, म्हणजे लाइटचं बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण नाही, शेगडी आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि बाहेर येऊन १९०६ ला (गॅसगळतीची हेल्पलाइन) फोन. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, मोठ्यांनी पण.

शेवटी शर्टाचं बटण, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू शिकवतील. बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवून टाका घालायचा म्हणजे ते घट्ट आवळलं जात नाही.

येताना जुना शर्ट आणि सुई-दोरा आणा. कुकर तीनच आहेत, कोणाकडे छोटा असेल तर प्लीज द्या. आणि आईवडिलांनी मध्ये मध्ये बोलायला वर येऊ नका!