मांढरदेवीच्या घाटानं, एकटी

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आईनं "एकटी? आणि घाटातनं?" म्हणून पुढचं काही ऐकलंच नसतं, म्हणून लिहून पाठवतेय. आई, शनिवारी तुझे चार मिस्ड कॉल पडले तेव्हा मी घाटात होते, तिथे रेंजच नव्हती. काळजीत टाकलं तुला, सॉरी.

ठरवलेलं काहीच नव्हतं. सकाळी टायरमध्ये हवा भरायला म्हणून बाहेर पडले आणि पंपावर उभी असताना परत घरी जावंसंच वाटेना, मग टाकी फुल केली, कात्रजचा बोगदा पार केला आणि कापूरहोळला हायवे सोडून भोरकडे वळले. बाबा, आपला जुना रस्ता! वाईला जायचं म्हटलं की सगळे सरळ सुरूरपर्यंत जायचे आणि तुम्ही मात्र दरवेळी भोरवरनं मांढरदेवीचा घाट चढून न्यायचात.

भोरच्या पुढे भाताची कापणी चाललीये. एका वळणावर अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं आणि समोरनं एसटी येत होती, मी आपोआप बाजूला घेऊन थांबले. तुम्ही कधी धान्यावरनं चाक जाऊ दिलं नाहीत ना, ते पायातच बसलंय माझ्या. तिथे एक आजोबा अनवाणी पायानं भात सारत होते, पाय उचलायचाच नाही, नुसता घासत पुढे न्यायचा, मागे नांगरल्यासारख्या रेघा उमटायच्या. मी उतरून मूठभर हातात घेतलं, उन्हानं कोमट झालं होतं आणि वास तर असा की पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. म्हणाले, इंद्रायणी आहे.

घाटात पौषातल्या जत्रेसारखी गर्दी नव्हती, जवळजवळ एकटीच होते. आंधळ्या वळणाला हॉर्न, चढणाऱ्या गाडीला आधी वाट, आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, सारखा ब्रेक दाबून तापवायचा नाही, हे सगळं मी मोठ्यानं बोलत चालवली गाडी. खरं सांगू? पहिल्या दोन वळणांना हाताला घाम फुटला होता. तुमच्या डोळ्यांचं झाल्यापासून तुम्ही चालवणं सोडलंत आणि मला सारखं वाटायचं की तो रस्ताही आपल्याकडनं गेला. पण वाईकडे उतरायला लागले, खाली हळदीची हिरवीगार रुंद पानं दिसली आणि मला रडूच आलं.

मेणवलीला नदीच्या घाटावर बसून डबा खाल्ला (आई, दोन पराठे होते, उपाशी नव्हते). मग घंटा बघायला गेले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आणल्या त्यातली ही एक, हे तुम्ही दरवेळी सांगायचात आणि मला कंटाळा यायचा. या वेळी नीट बघितली, मेरी आणि बाळ येशू, आणि १७०७ हा आकडा. "औरंगजेब मेला ते साल, लक्षात ठेव!" तुमचाच आवाज आला कानात. शेजारी एक छोटी मुलगी आजीला विचारत होती हे कोण म्हणून, तिला मी सगळं सांगितलं, अगदी तुमच्यासारखं, औरंगजेबासकट.

येताना हायवेनंच आले, अंधाराच्या आत घरी.

आणि हो, त्या आजोबांना दहा किलो तांदूळ सांगून आलेय, महिन्याभरात भरडून ठेवतो म्हणालेत. बाबा, डिसेंबरमध्ये डोळे दाखवायला येणारच आहात तेव्हा आपण तिघं जाऊ आणायला. पुढच्या सीटवर आई बसेल कारण तिला गाडी लागते, आवळासुपारी आणून ठेवलीये, आणि तुम्ही मागनं प्रत्येक वळणाला सांगा, हॉर्न दे.

तुमची,
छोटी