खांद्याच्या ऑपरेशनबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज भरून आला की मला पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. दिवाळीनंतरच्या सोमवारी इथे नागपुरात, धंतोलीत, माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलंय.

कॉलेजात कबड्डी खेळताना खांदा निखळला ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर तो आणखी चारदा निखळला, ते मी लपवलं. चुकलं माझं. शेवटचा तर गेल्या महिन्यात, झोपेत. कूस बदलताना हात डोक्यामागे गेला आणि सटकला. पहाटे तीनला रूममेटने दवाखान्यात नेलं, तोवर मी डाव्या हाताने उजवा पोटाशी धरून बसलो होतो. आता सिटीबसमध्ये वरचा दांडा धरायलाही हात धजत नाही.

बाबा, तुम्ही म्हणता तसं मालिशने बरं वाटतं, पण खांद्यात आत जे सुटलंय ते मालिशने चिकटत नाही. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. तिच्यात हाडाचा गोळा राहतो, बशीत संत्रं ठेवावं तसा. बशीच्या काठाला एक चिवट कड असते, लॅब्रम. माझी समोरची, खालच्या बाजूची कड हाडापासून सुटली आहे, म्हणून संत्रं दर वेळी तिकडूनच घरंगळतं. पहिल्यांदा विशीच्या आत निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची भीती जास्त असते. आणि प्रत्येक वेळी बशीचं हाडही थोडंथोडं झिजतं. मला घाई आहे ती याचीच.

सीटी स्कॅन झाला. हाड फार झिजलं असतं, तर खांद्याजवळच्याच हाडाचा एक तुकडा काढून बशीच्या पुढच्या काठाला स्क्रूने बसवावा लागला असता. त्याला लाटार्जे म्हणतात. माझं तेवढं झिजलेलं नाही. त्यामुळे बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून, हाडात दोरे ओवलेले छोटे अँकर रोवून, कड परत जागेवर बांधणार आहेत. आई, हा काही नवा प्रयोग नाही गं. बँकार्ट नावाच्या इंग्रज सर्जनने या दुखापतीवर 1923 सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा खांदा उघडून करायचे, आता दुर्बिणीतून होतं, एवढाच फरक.

नंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत. मग फिजिओथेरपी, ती मी एक दिवसही चुकवणार नाही. जड उचलायला साधारण सहा महिने. म्हणजे यंदा अंबिया बहाराच्या संत्र्यांच्या तोड्याला काटोलला येऊन क्रेट उचलणं होणार नाही. बाबा, तुम्हीही उचलू नका, दोन मजूर जास्त लावा, पैसे मी पाठवतो.

आई, तू पंधरा दिवस येशील ना? डाव्या हाताने भातसुद्धा नीट कालवता येत नाही मला. येताना बाबांचे जुने, ढगळे, पुढून बटणं असलेले सदरे आण. डोक्यावरून घालायचं काही चालणार नाही. आणि बसमध्ये पिशवी वर ठेवायला कंडक्टरला सांग, स्वतः ताणू नकोस.

तुमचा,
सचिन