शारजातला अपघात, बेळगावातले वारस : परराष्ट्र मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातनं लिहितोय. माझा मावसभाऊ परशराम यूएईतल्या शारजात एसी मेकॅनिक होता, त्याआधी बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीत होता, पण पगार पुरेना म्हणून गेला, आमच्याकडची पोरं जातात तसाच. दोन वर्षांपूर्वी साइटवरनं रूमवर येताना त्यांच्या पिकअपला मागनं ट्रेलरनं धडक दिली आणि तो जागेवरच गेला. अकराव्या दिवशी गोव्याला विमानानं बॉडी आली आणि चोर्ला घाटातनं अ‍ॅम्ब्युलन्सनं घरी आणली. तेवढ्यापर्यंत सगळ्यांनी मदत केली, त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. मी लिहितोय ते त्याच्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल.

चूक ट्रेलरवाल्याची होती, तिथल्या पोलिसांच्या रिपोर्टातच तसं लिहिलंय. ट्रेलरचा विमा होता. यूएईच्या कायद्यात अशा मृत्यूची भरपाई, तिला दिया म्हणतात, २ लाख दिरहम ठरलेली आहे आणि ती चूक असलेल्या गाडीच्या विम्यातनं मिळते. म्हणजे भांडायला फारसं काही नव्हतंच. प्रश्न एवढाच की वहिनी, दोन पोरं आणि मावशी हेच परशरामचे वारस आहेत हे शारजात कुणी आणि कसं सिद्ध करायचं.

आणि हा क्लेम असतो हे आम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं माहितीय? दलालानं. तेरावं व्हायच्या आत वहिनीला फोन सुरू झाले, कोण मुंबईतनं बोलतोय, कोण केरळातनं, तुमचा क्लेम आम्ही काढून देतो, तीस टक्के आमचे, फक्त मुखत्यारपत्रावर सही करून पाठवा. त्यांना तिचा नंबर कुठनं मिळाला ते आजपर्यंत कळलेलं नाही. एकानं तर कुरियरनं स्टॅम्प पेपर पाठवला, त्यात रकमेची जागा कोरी. मावशीनं तो फाडून टाकला म्हणून वाचलो, नाहीतर वहिनी त्या दिवसांत कशावरही सही करायच्या मनःस्थितीत होती.

मग कागद मी हातात घेतले. आमच्या भागाचं एक दुखणं आहे ते तुम्हाला दिल्लीत बसून कळणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. परशराम मराठी शाळेत शिकला, दाखल्यावर नाव, वडलांचं नाव, आडनाव असं पूर्ण मराठीत. पासपोर्टवर इंग्रजीत नाव परशराम. वंशावळीचा दाखला कन्नडमध्ये, त्यात तो झाला परशुराम. वहिनीच्या आधारवर अजून माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. हा सीमावादाचा विषय नाही साहेब, राज्याची भाषा कन्नड आहे तर दाखला कन्नडमधेच येणार, मला त्यात काही म्हणायचं नाही. पण त्याच दाखल्याचं कन्नडमधनं इंग्रजी, इंग्रजीतनं अरबी झालं की प्रत्येक ठिकाणी एक अक्षर बदलतं आणि तिकडनं मेल येतो की हा मयत आणि आमचा मयत एकच आहे याचं अ‍ॅफिडेव्हिट द्या. ते अ‍ॅफिडेव्हिट केलं की पुन्हा तेच चक्र. नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग तुमच्या मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा, मग तिकडच्या परराष्ट्र खात्याचा, आणि शेवटी तिथल्या लायसन्स असलेल्या भाषांतरकाराकडनं अरबी. शिक्क्यासाठी बेंगळूरला जायचं म्हणजे पाचशे किलोमीटर, मी तीनदा गेलो, एकदा तर नुसतं एक पान राहिलं होतं म्हणून. क्लेमला मुदत असते, आणि ती आमच्या शिक्क्यांसाठी थांबत नाही.

आता हेच बघा. परशराम कागलजवळ हायवेवर अपघातात गेला असता, म्हणजे अपघात महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात, तरी आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणं अर्जदार राहतो तिथल्या ट्रिब्युनलमधे, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, दावा लावता येतो. वहिनी एसटीनं बेळगावला गेली असती, विमा कंपनीचा वकील तिथं आला असता. हा नियम ज्यानं कुणी केला त्याला विधवा बाईची अडचण कळली होती. तोच माणूस शारजात गेला की सगळं उलटं होतं, कंपनी जागेवर बसून राहते आणि बाईनं शारजापर्यंत कागद पाठवत राहायचं.

दुसरीकडं हे कसं करतात ते मी गेल्या वर्षभरात वाचून काढलं. युरोपमधे गाड्यांसाठी ग्रीन कार्ड, म्हणजे एका देशातला गाडीचा विमा दुसऱ्या देशात चालायची सोय, १९४९ पासनं ठरलंय. पण आमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे, त्यांचा २००० सालचा एक नियम. प्रत्येक मोटार विमा कंपनीनं युरोपियन युनियनमधल्या बाकीच्या प्रत्येक देशात आपला एक क्लेम प्रतिनिधी नेमायचाच. परदेशात अपघात झालेला पोलिश माणूस घरी येतो, पोलंडमधल्या त्या प्रतिनिधीकडं पोलिश भाषेत अर्ज देतो, आणि तीन महिन्यांत कारणांसकट उत्तर द्यायचं बंधन कंपनीवर असतं. अरब देशांनीसुद्धा १९७५ साली ट्युनिसमधे करार करून आपापसात ऑरेंज कार्ड चालू केलं, म्हणजे शारजाची गाडी ओमानला गेली तर काय करायचं हे त्यांनी ठरवून ठेवलंय. मग जिथं आपली इतकी माणसं रोज रस्त्यावर असतात त्या देशांशी आपण एवढं एक बोलू शकत नाही का?

मला नेमकं हेच मागायचंय. आखाती देशांशी कामगारांबद्दल तुम्ही करार करता, त्यात एक कलम घाला की तिथं मोटार विमा विकणाऱ्या कंपनीचा भारतात एक प्रतिनिधी असेल, जो इथल्या कुटुंबाचा क्लेम घेईल, कागद तपासून एकदाच सांगेल काय कमी आहे ते, आणि ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर देईल. हे झालं तर दलालाचं निम्मं दुकान बंद होतं.

तोपर्यंत शिक्के तरी कमी करा. ओमान, बहरीन, सौदी अपोस्टिल मानतात, म्हणजे आपल्या सरकारचा तो एक ठरलेला शिक्का असला की वकिलातीत जावं लागत नाही, त्या करारात आपण २००५ पासनं आहोत, पण यूएई त्यात नाही म्हणून वकिलातीची वारी वाढते. निदान अपघाती मृत्यूच्या कागदांपुरतं तरी अपोस्टिल चालवून घ्या असं त्यांना सांगता येईल. आणि बॉडीबरोबर जे कागद येतात त्यात एक पान जास्त घाला, ट्रेलरच्या विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, पोलिस रिपोर्टाचा नंबर, क्लेमची मुदत. एक पान साहेब. ते मिळवायला मला सात महिने लागले.

अजून एक राहिलं. तुमची प्रवासी भारतीय बीमा योजना चांगली आहे, दोन वर्षांना २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूला १० लाख. पण सक्ती फक्त एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी परदेशी जायची सरकारी परवानगी, लागणाऱ्या पासपोर्टवाल्यांना. परशराम दहावी पास, त्यामुळं त्याला क्लिअरन्सची गरज नाही, त्यामुळं विम्याची सक्तीपण नाही. दहावी पास झाल्यामुळं त्याच्या पोरांचे दहा लाख गेले, हे मी मावशीला कसं समजावू? कामाच्या व्हिसावर जाणाऱ्या प्रत्येकाला तो विमा सक्तीचा करा, २७५ रुपये कुणालाही जड नाहीत.

वहिनी आता गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे, थोरला आठवीत गेलाय. फाइल सध्या अरबी भाषांतरापर्यंत पोचलीय. पोलिस रिपोर्टाचा नंबर आणि सगळ्या कागदांच्या कॉप्या मी तुमच्या मंत्रालयाच्या तक्रारींच्या मदद पोर्टलवर टाकून ठेवल्यात, तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी एकदा उघडून बघा आणि एवढंच कळवा की नावातल्या त्या एका अक्षरासाठी अजून कुठला कागद लागणार आहे.

आपला,
परशरामचा मावसभाऊ
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव