विन्याला पत्र: काकूंची गोष्ट केतकीला सांगू का?

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

पाकीट बघून हसशील. फोनवर तू मध्येच "बरं, मग?" करतोस आणि मला पुढचं सुचत नाही, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, शुगर सुमन बघते.

आमच्या नातवाला, ईशानला, ऑटिझम आहे. आता नक्की झालं. चौथं वर्ष सरत आलं तरी मोजके शब्द. पेशवे पार्कात नेला तर फुलराणीच्या छोट्या गाडीत बसत नाही, जाळीला गाल लावून नुसती चाकं बघतो. परवा तसाच उभा होता आणि मला तुझा भाऊ बाळूच दिसला. तुमच्या ओट्यावर फरशीच्या रेघेवर काड्या मांडणारा, सगळे गुल पर्वतीकडे. तू मुद्दाम एक काडी उलटी ठेवायचास. नाही म्हणू नकोस, त्यावरून आपण आठवडाभर बोलत नव्हतो.

तर दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण, तासभर जमिनीवर बसून त्याच्याशी खेळली. सूनबाई, केतकी, खुर्चीच्या कडेला टेकलेली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मला कळत होतं ती कशाची वाट बघतेय. तुम्ही नोकरी करता का, मूल कोणाजवळ असतं, हे प्रश्न आता येणार. आलेच नाहीत. बाहेर आल्यावर ती जिन्यातच रडली.

आणि मला 1974 आठवलं. काकू बाळूला घेऊन त्या नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, आपण दोघं बाहेर बाकावर. "बाई, तुम्ही याला पोटाशी धरलंच नाहीत." दार उघडंच होतं. दिवाळीनंतर काकूंनी शाळेतली नोकरी सोडली. पुढे बाळू चांगला बाप्या झाला तरी त्याला जवळ ओढायच्या आणि तो अंग चोरायचा.

आमच्या मंदारने कागद आणून दिले, ते रात्री वाचत बसतो. (रिटायर झाल्यावर वाचन वाढवीन म्हणालो होतो, ते असं वाढलं.) कॅनर नावाच्या डॉक्टरने बाल्टिमोरमध्ये 1943 साली अशा अकरा मुलांचं वर्णन लिहिलं. तेव्हा तो म्हणत होता, ही उणीव जन्मजात दिसते. पण 1949 पर्यंत त्याच माणसाने आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवलं, ही मुलं जणू फ्रिजमध्ये वाढली म्हणे. मग शिकागोचा बेटेलहाइम, 1967 साली त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि आया आणखीच पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. त्याआधीच, 1964 साली, रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे मेंदूचं आहे, मायेचं नाही, असं सविस्तर मांडलं होतं. त्याचा स्वतःचा मुलगा तसा होता. मग 1969 साली कॅनरने पालकांच्या सभेत उभं राहून तुम्हाला दोषमुक्त करतो असं सांगितलं. एकोणसत्तर, विन्या! काकूंना ते पोटाशी न धरल्याचं वाक्य ऐकवलं त्याच्या पाच वर्षं आधी. बातमी अमेरिकेतून सदाशिव पेठेत पोचली नव्हती. मला राग येतो तो याचाच.

पुढे 1977 साली लंडनमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोघांनाही ऑटिझम, आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकीतही नाही. तिथून गाडी जनुकांकडे वळली. 2019 साली पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, तर सुमारे ऐंशी टक्के भाग आनुवंशिक निघाला. एकच जनुक नव्हे, शेकडोंचा हात. कधी बदल आईबापांत नसतोच, मुलातच नव्याने होतो.

हे सगळं वाचून मला हायसं वाटलं, फार तर दोन दिवस. मग आक्का आली. तिला 'आनुवंशिक' एवढंच ऐकू आलं. "आमच्या घराण्यात असलं कुणी नाही हो." तिकडे विहीणबाईंचंही तेच, फक्त घराणं दुसरं. मी म्हटलं, आक्का, मंदार तीन वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता, आणि मी मुंबई-पुणे गाड्यांचं टाइमटेबल पाठ म्हणायचो. ती म्हणाली, "तू हुशार होतास, ते वेगळं." चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं की गरोदरपणात क्रोसिन घेतल्याने होतं. केतकीला तेव्हा ताप आला होता, सगळ्यांना माहीत आहे. स्वीडनमध्ये 2024 साली चोवीस लाखांवर मुलांचा अभ्यास झाला. सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा त्या गोळीचं आणि ऑटिझमचं नातं उरलंच नाही. हे मी ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, त्यातला एक माझ्या मुलाचा. लसीमुळे ऑटिझम होतो म्हणतात, त्याचंही तसंच: 1998 सालचा बारा मुलांवरचा तो लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला, तरी आमच्या सोसायटीत तो अजून जिवंत आहे.

आता खरं सांगतो. गुरुवारी जनुकांच्या तपासणीसाठी तिघांचं रक्त द्यायचंय, ईशान, मंदार आणि केतकी. बहुतेकांच्या अहवालात नेमकं काही सापडत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलंय. पण सापडलं तर? केतकीच्या बाजूने निघालं तर आक्काला आयतं मिळालं, मंदारच्या बाजूने निघालं तर विहीणबाईंना. अहवाल घरात कुणाला दाखवायचाच नाही असं माझं मत. सुमन म्हणते, लपवलं की जास्त बोलतात. भांडलो आम्ही, रात्री साडेअकराला, तेही कुजबुजत.

केतकीला काकूंची गोष्ट सांगावी असं फार वाटतं. पण ती तुझी आई. त्या डॉक्टरांचं वाक्य तू बाळूच्या तेराव्यालाही कुणापुढे काढलं नाहीस, मग मी कोण काढणार? तू नको म्हटलंस तर माझ्याकडून एक अक्षर निघणार नाही.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं ना? दुसरा डोळा कधी? पोराचं बंगळुरूचं काय ठरलं? बाकरवडी पाठवतोय, तुमच्या बडोद्याच्या शेवेपेक्षा बरी, वाद नको.

पत्र बुधवारपर्यंत हातात पडेल. त्याच रात्री फोन कर आणि फक्त हो किंवा नाही म्हण.

तुझा,
सुध्या