बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात

प्रिय लेकी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

काल फोनवर मी बोलू नये ते बोलले. "देवाने सांगितलं, की तुलाच इथून सुटायचंय?" मिशनच्या दवाखान्यात जायचं ठरवण्याआधी तू तीन महिने प्रार्थना केलीस, पाळकांशी बोललीस, आणि आईने हे विचारावं! तू गप्प झालीस. वर मी दम्याच्या पंपाचं विचारलं, मग तू फोनच ठेवलास.

रात्रभर डोळा लागला नाही. 'प्रभो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे तुला मीच शिकवलं. पण खरं सांगू? म्हणताना मी धरूनच चालायचे की त्याची इच्छा माझ्या इच्छेच्या आसपासच असणार.

प्रेषित पौलाचं बघ. आसियात वचन सांगायला आत्म्याने मना केलं, बिथुनियात जाऊ दिलं नाही. मग त्रोवसात रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियात ये. गेला बिचारा. फिलिप्पैत काय मिळालं? फटके, तुरुंग, पाय खोड्यात. आणि वाट तर बरोबर होती! देवाच्या इच्छेत असलेल्या माणसाला काही होत नाही, असं मला हल्ली जो तो सांगतो. पौलाच्या पाठीला विचारा म्हणावं. तिकडे रात्री दम लागला तर तुझ्या खोलीजवळ कोणी असेल का? मिशनचा दवाखाना आहे, तू स्वतः नर्स आहेस, कळतं मला. तरी विचारून ठेव.

आणि ऐक, देवाचं पाचारण आलं म्हणून शरीराची हेळसांड करायची नसते. झोप घे. शास्त्रवाचन चुकवू नकोस. मनात आलेला प्रत्येक विचार देवाचाच असं समजू नकोस, वचनाशी ताडून बघ, मंडळीतल्या जाणत्यांना विचार. देव हाक मारत होता तेव्हा लहानग्या शमुवेलालासुद्धा तीनदा वाटलं की याजक एलीच हाक मारतोय.

झालं माझं सुरू. माफ कर. हे सगळं तू केव्हाच केलंस. आणि सांगतेय कोण? गिदोनाने खूण मागायला लोकर दोनदा ठेवली, मी या आठवड्यात पाचदा. तिकीट मिळालं नाही तर तिने थांबावं, असंसुद्धा मागून झालं. तिकीट मिळालं.

तू चार वर्षांची होतीस. आडवी केली की गुदमरायचीस, म्हणून तुला छातीशी उभी धरून बसले होते. श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जायची, तिच्यावरून मी श्वास मोजत होते. पहाटे म्हटलं, प्रभू, हिला वाचव, ही तुझीच. हे पप्पांनाही कधी सांगितलं नाही. तुला झोप लागली आणि मी ते बोलणं विसरले. सोयीने विसरले. शमुवेलाची आई हन्ना आपला नवस विसरली नाही. लेकराला शिलोच्या मंदिरात देवाकडे सोडून आली आणि दरवर्षी एक लहानसा झगा शिवून नेत राहिली. वर्षभरात पोर किती वाढलं असेल ते मनाने ठरवायचं, कापड बेतायचं. प्रवचनात हन्नाची प्रार्थना येते, तो झगा फारसा येत नाही.

रविवारी तुझं नाव घेऊन प्रार्थना झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मी मात्र उघडून एकेकाकडे बघत होते. माझी लेक आहे म्हटलं.

स्टेशनवर मी येणार नाही. मागे दादाच्या वेळी काय झालं ते तुला ठाऊक आहे. बॅग तोच आणून देईल. बाहेरच्या कप्प्यात दोन नवे पंप आहेत, तुझा जुना संपत आलाय. निळा स्वेटर वरच ठेवलाय. तू बारीक झालीस की काय ते फोनवर कळत नाही, म्हणून अंदाजानेच विणला. बाह्या लांब झाल्या तर दुमडून घाल.

पोचलीस की नुसता मिस्ड कॉल दे. बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल.

तुझी,
आई