कुंभार्लीच्या कठड्याचं श्रेय

ताई,

नाव लिहायचं नाही, ही तुझी अट. म्हणून नुसतं ताई. शनिवारी रात्री जेवणं आटोपून तुझ्या सर्व्हरवर गाड्या पळवायला जमणारी मंडळी पहिल्या ओळीतच ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

संगणकातला कुंभार्ली घाट पूर्ण झाला. पोफळीच्या बाजूने चढायला लागलं की शेवटच्या वळणापर्यंत गाडी कुठेही अडकत नाही, कुठेही जमिनीतून खाली जात नाही. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनीने २०१४ साली काढलेल्या असेटो कोर्सा या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये आता चिपळूणचा माणूस कुंभार्ली चढून देशावर जाऊ शकतो. हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, "रीडमी लिहिलीस का?" लिहिली, म्हणजे फाइलींसोबत जाणारं श्रेय-अटींचं टिपण. आणि ती लिहिता लिहिता वाटलं, आभाराच्या दोन ओळीत हे मावणार नाही.

आपली ओळख झाली ती गेममधल्या माझ्या चोरीच्या गाडीमुळे. मला तेव्हा ती चोरीची आहे हे माहीत नव्हतं. कुठल्याशा साइटवर चारशे रुपये भरून घेतली होती, आणि तुझ्या सर्व्हरवर आलो की दर वेळी बाहेर फेकला जायचो. मी आपला नेटवर्कला शिव्या घालत बसलो. मग डोकं चालवून गाडीच्या फोल्डरचं नाव बदललं, तर गेमच कोसळायला लागला. तू लॉग फाइल मागवलीस आणि दहा मिनिटांत दोन्ही गोष्टी उलगडून दाखवल्यास. गाडीचं सगळं भौतिकशास्त्र, म्हणजे इंजिन, टायर, सस्पेन्शन, एका डेटा.एसीडी फाइलीत कुलूपबंद असतं आणि त्या कुलपाची किल्ली फोल्डरच्या नावावरूनच तयार होते. नाव बदललं की किल्ली गेली. आणि सर्व्हर दाराशी प्रत्येकाच्या या फाइलीचा ठसा तपासतो, माझ्या गाडीचा ठसा तुझ्याशी जुळत नव्हता. कारण विकणाऱ्याने इंजिनाची ताकद थोडी वाढवून "खास आवृत्ती" म्हणून ती माझ्या गळ्यात मारली होती.

मूळ गाडी फुकट होती, ताई. बनवणाऱ्याने फुकट दिलेली. तू तुझ्याकडची झिप उघडून दाखवलीस, आत टिपण होतं: विकू नये, न विचारता बदलू नये. माझ्या झिपमधून ते टिपण तेवढं काढून टाकलेलं. चारशे रुपयांपेक्षा तेच जास्त लागलं मला.

तेव्हा मी तुझ्याशी हुज्जत घातली होती, आठवतं? एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्या लोक गेमसाठी बिनदिक्कत बनवतात, तर परवान्याचं एवढं काय कौतुक, असं म्हणालो होतो. तू चिडली नाहीस. रुफची पिवळी गाडी, ती यलोबर्ड, चालवायला लावलीस आणि विचारलंस, ही या गेममध्ये पोर्शेच्या आधी का आली? मला काय ठाऊक. पोर्शेचा परवाना तेव्हा दुसऱ्या एका बड्या गेम कंपनीने स्वतःपुरता बांधून ठेवला होता, त्यामुळे बाकीच्यांना पोर्शे दाखवायची सोय नव्हती. रुफ पोर्शेच्या सांगाड्यावर गाड्या बांधते, पण जर्मनीत तिची नोंद स्वतंत्र उत्पादक म्हणून आहे, म्हणून बरेच जण रुफवर वेळ भागवत. असेटो कोर्सात पोर्शे आली ती थेट २०१६ मध्ये. कागदावरची एक सही, आणि कुठल्या गाडीत बसायचं ते वर्षानुवर्षं ठरतं! त्या रात्रीपासून मी रीडमी वाचायला लागलो. (आधी कोण वाचतं? कुणीच नाही.)

घाटाचं खूळ मात्र माझं. गुगलच्या नकाशावरून उंची आणि चित्रं उचलू, असा माझा बेत होता. तू म्हणालीस, ते तुझं नाही आणि तसं उचलायची मुभाही नाही. मग रस्त्याची रेघ ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून घ्यायला शिकवलीस. तिथे मुख्य अट, श्रेय द्यायचं. उंची नासाच्या खुल्या माहितीतून. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने मोजलेली ती उंची. फुकट आणि निर्वेध. फक्त तिचा एक ठिपका साधारण ३० मीटरचा. घाटात ३० मीटरमध्ये रस्ता, कठडा आणि दरी तिन्ही येतात! माझा पहिला कुंभार्ली पायऱ्यापायऱ्यांचा झाला होता, गाडी बेडकासारखी उड्या मारत चढायची. त्यावर तू जेवढी हसलीस तेवढं हसू मी आजवर माफ केलेलं नाही. पण नंतर सलग तीन रविवार बसून वळणावळणाचा चढ हाताने कसा ओढून घ्यायचा, हे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दाखवलंस तीही तूच. रस्त्याच्या जाळीच्या, म्हणजे थ्रीडी आकाराच्या, नावाआधी आकडा लावला नाही तर गेम तिला जमीन मानतच नाही, हेही तेव्हाच कळलं. त्याआधी आठवडाभर माझी गाडी सुरुवातीच्या रेषेवरून सरळ पाताळात जात होती.

आणि आता कठडा. मला एका युरोपियन मॉडरचे, म्हणजे गेममध्ये हौसेने भर घालणाऱ्याचे, लोखंडी कठडे फार आवडले होते. त्यांच्यासोबत परवाना असा काहीच लिहिलेला नव्हता, म्हणून मी म्हटलं, मोकळं रान. तू म्हणालीस, उलट. काही लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क त्याचेच, विचारून बघ. माझं इंग्रजी पत्र तू दोनदा दुरुस्त केलंस. चार दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं, सभ्य आणि स्पष्ट: नाही. मी तुला फोन करून कुरकुरलो, त्याला कसं कळणार आहे, कोकणातल्या एका घाटात कोण बघायला येतंय? तू थोडा वेळ गप्प बसलीस. मग म्हणालीस, "कुंभार्लीला असले कठडे आहेत तरी का रे?"

नव्हतेच की! लहानपणापासून त्या घाटाने कराडला मामाकडे जातोय, आणि डोळ्यांसमोर काय, तर युरोपातलं लोखंड. दुसऱ्या दिवशी बाबांच्या स्कूटरवरून वर गेलो. दगडी कठडे, त्यांच्यावरचे रंगाचे पट्टे, मधूनच ट्रकने पाडलेलं खिंडार, शेवाळ, सगळ्याचे फोटो स्वतः काढले. बाबा मागे बसून म्हणत होते, लोक धबधब्याचे फोटो काढतात, हा भिंतींचे काढतोय. तो कठडा बनवायला सव्वा महिना गेला. आता कुणीही घाट चालवला की पहिलं तेच बोलतात, कठडा हुबेहूब आहे.

त्या नकार देणाऱ्यालाही मी आभाराचं पत्र धाडलं, तुला सांगितलं नव्हतं.

रीडमीत ओपनस्ट्रीटमॅप आहे, नासा आहे, झाडांची मॉडेल्स ज्याची घेतली तो आहे, त्याच्या परवान्यातल्या बिगरव्यापारी अटीसकट. बाबा आहेत, स्कूटरसाठी. तू नाहीस, कारण तुझी अट. म्हणून हे पत्र.

आणखी एक काम आहे. काल एका मुलाचा निरोप आला, त्याला आंबा घाट करायचाय आणि माझा कठडा वापरू का म्हणून विचारतोय. द्यायचा आहेच. पण परवाना कोणता लावू, बदलायची मुभा ठेवू की नको, यात माझा गोंधळ झालाय. रविवारी रात्री मोकळी आहेस का?

तुझा,
पायऱ्यांचा घाट बांधणारा